विमानाने आलेले बिगारी

परदेशातल्या गरजू कुटुंबासाठी घर बांधायला स्वयंसेवक निघाले की एक हिशेब हमखास त्यांच्या तोंडावर फेकला जातो: तिकिटाचे पैसे तिकडे पाठवा, गवंडी तिकडेही मिळतात. हिशेब खोटा नाही. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरासला झोडपल्यावर उत्तर अमेरिकेतून चर्चच्या तुकड्या तिथे घरं बांधायला गेल्या. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर ताळा मांडला. प्रवासखर्च धरून या पाहुण्यांचं एक घर सुमारे ३० हजार डॉलरला पडलं होतं. स्थानिक संस्थेने घर उभं केलं ते दोन हजारांत. एकाच्या जागी पंधरा घरं! आणि घर कोणी बांधलं यावरून त्यात राहणाऱ्यांच्या आयुष्यात काही फरक पडल्याचंही त्याला आढळलं नाही.

यावर स्वयंसेवकांचे कैवारी म्हणतात, खर्च झाला तरी जाणाऱ्याचं मन बदलतं, तो पुढे आयुष्यभर देत राहतो. हे समर्थन मला मूळ आक्षेपापेक्षा लंगडं वाटतं. व्हर बीकने देणग्यांच्या नोंदीही तपासल्या. मन बदलल्याचं सांगणारे पुष्कळ निघाले, नोंदींत मात्र फारसा फरक नव्हता. आणि मन बदलायचंच असेल तर त्यासाठी दुसऱ्याची भिंत कशाला हवी? वीट आधी भिजवली नाही तर ती मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा कोरडा पडतो. दर दोन-चार थरांनंतर ओळंबा सोडला नाही तर भिंत पोट काढते. हे गवंड्याच्या हाताला ठाऊक असतं. आठवडाभराच्या पाहुण्याला ते कळेपर्यंत परतीचं विमान सुटतं.

तरीही ‘पैसे पाठवा’ एवढ्याने प्रश्न मिटत नाही. त्याची साक्ष आपल्याकडेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात पैसा कमी पडला नाही. देशभरातून आणि बाहेरूनही आला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. रस्ते आखीव, रुंद, सरळ. आणि गल्लीतला शेजार, वाड्याचं अंगण, गुरांची जागा यांची वासलात लागली. देणगीदार ठरला, नकाशा ठरला, ठेकेदार ठरला. राहणाऱ्याला विचारलं सगळ्यात शेवटी. उलट अनेक गावांत लोकांनी अनुदान घेऊन आपल्या देखरेखीखाली जुनी घरं मजबूत करून घेतली, तिथे निदान चूल कुठे असावी हे घरच्या बाईने ठरवलं. पैसा आला की मालकी घरवाल्याकडे राहतेच असं नाही, हे हिशेब मांडणारे विसरतात.

मग परक्या हाताला काही मोल आहे की नाही? आहे, पण ते पैशाने होत नाही अशाच कामात. १९२० साली पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर मूठभर माणसं घेऊन पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या, फ्रान्समधल्या वर्दूंजवळच्या एका खेड्यात ढिगारे उपसायला आणि निवारे उभारायला गेला. त्या माणसांत जर्मनही होते. नुकसानभरपाईचा पैसा फ्रान्स जर्मनीकडून मागतच होता आणि त्याने कडवटपणा वाढतच चालला होता. जर्मन माणसाने फ्रेंच शेतकऱ्याच्या दारात येऊन फावडं हातात घेणं ही मनीऑर्डरने पाठवता येणारी गोष्ट नव्हती. गावाला ती पचली नाही, काही महिन्यांत मंडळींना गाशा गुंडाळावा लागला, हेही खरं. पण सेरेसोलने नाद सोडला नाही. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारमध्ये आला, राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेतलं आणि गावकऱ्यांबरोबर राबला. त्याचे सोबती हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काम मात्र वर्षांनुवर्षं चाललं. गोरा माणूस हुकूम सोडतो हेच पाहिलेल्या मुलखात गोरा माणूस माती वाहतोय, याची किंमत डॉलरात कशी लावणार?

आपल्या मळवलीचं उदाहरण या दोन्ही टोकांच्या मधलं आहे. २००६ च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, वय वर्षं ८२, ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’च्या स्वयंसेवकांसह तिथे शंभर घरं बांधायला आले. (त्यांच्या मातोश्री साठी उलटल्यावर पीस कोअरतर्फे विक्रोळीत राहून रुग्णसेवा करून गेल्या होत्या, हे आपल्याकडे फार कमी जणांना आठवतं.) ब्रॅड पिटही येऊन गेल्याने बातम्यांचा रोख कुठे वळला हे सांगायला नको. त्या झगमगाटाची टिंगल झाली. ती करणंही सोपंच होतं. पण टिंगलखोरांनी संस्थेची रीत पाहिली नाही. तिथे घर दान म्हणून मिळत नाही; कुटुंब हप्ते फेडतं आणि बांधकामावर स्वतः घाम गाळतं. माजी राष्ट्राध्यक्ष आणि घराची मालकीण एकाच भिंतीवर राबणार असतील, तर उपकाराचा वास बराच कमी होतो.

माझं म्हणणं एवढंच की अशा कामावर परदेशी पाहुण्याने बिगारी म्हणून उभं राहावं. घमेलं उचलावं, विटा भिजवाव्या, गिलाव्याला पाणी मारावं, आणि मिस्त्रीने थर पाडायला सांगितला तर निमूट पाडावा. नकाशावर शेवटचा शब्द घरवाल्याचा. पाहुण्यांचे हात फुकट मिळतात म्हणून गावातल्या गवंड्याचा एकही रोज बुडता कामा नये. उलट शिकवण्याचा वेळ धरून त्याला जास्त मजुरी द्यावी आणि ती पाहुण्यांच्या वर्गणीतून कापावी.