बंदूक जमा करायला सांगितले, तर आधी आदेश लेखी मागा

उत्तर प्रदेश विधानसभेची निवडणूक २०२७ मध्ये व्हायची आहे. निवडणूक जवळ आली की परवान्याची बंदूक असलेल्या घरी एक निरोप हमखास येतो: 'हत्यार ठाण्यात जमा करा.' कधी फोनवर, कधी बीटच्या शिपायाकडून, कधी नुसता शेजाऱ्याच्या तोंडून. लखनौच्या वृंदावन योजनेत राहणाऱ्या ज्या कुटुंबांचे पोट पहारेकऱ्याच्या नोकरीवर चालते, त्यांच्यासाठी हा निरोप म्हणजे महिना-दोन महिन्यांच्या पगाराचा प्रश्न असतो. स्वतःची बारा बोअरची बंदूक असलेल्या माणसाला ही नोकरी तिच्यामुळेच मिळालेली असते. बंदूक ठाण्यात गेली की नोकरीही अडते.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते आणि त्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते.

आधी एक कडू गोष्ट. बंदूक बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्याच एका जामीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आपल्या घटनेत तसा नाही, हे तेव्हा न्यायालयाने स्पष्ट केले. परवाना ही सरकारने दिलेली परवानगी आहे. पण दिलेली परवानगी काढून घ्यायची तर कायद्याच्याच वाटेने काढावी लागते, आणि तुमचे संरक्षण नेमके इथे आहे.

निवडणुकीच्या काळात सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेता येत नाहीत. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये हा मुद्दा तपासला आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने सूचना काढल्या. जिल्ह्याच्या छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करायचा. जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, आधीच्या दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या, नाव आलेले अशांची प्रकरणे पाहायची. ज्याची बंदूक जमा करणे गरजेचे वाटेल त्याला वेगळी नोटीस द्यायची. मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही हेच सांगितले: सर्वसाधारण आदेश काढून शस्त्रे जमा करायला लावता येणार नाही, समितीने कारणे नोंदवावीत आणि ती त्या व्यक्तीला कळवावीत.

म्हणून निरोप आला तर भांडू नका, नुसते 'लेखी आदेश द्या' एवढे म्हणा. नोटीस खरोखर आली, तर बंदूक मुदतीत जमा करा आणि पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिली आहे की नाही, हे ठाण्यातच वाचून पाहा. निकालानंतर बंदूक परत मागायची ती याच पावतीवर. बँकेच्या पहाऱ्यावर असाल तर नोकरीचे पत्र नोटिशीच्या उत्तराला जोडा. अशा रक्षकांना अनेक जिल्ह्यांत सूट दिली जाते, पण मागितल्याशिवाय ती मिळेलच असे धरून बसू नका.

तपासणीचेही असेच. बंदूक घेऊन फिरत असाल तर पोलीस अधिकारी परवाना दाखवायला सांगू शकतो, आणि तो दाखवावाच लागतो. शस्त्र कायद्याखाली दंडाधिकाऱ्याला घराची झडती घ्यायची असेल, तर त्याला आधी आपल्या संशयाची कारणे नोंदवावी लागतात. तपासणीत सापडणारे दोष बहुतेक साधे असतात: नूतनीकरणाची तारीख उलटलेली, परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीचा विशिष्ट क्रमांक नसलेला, काडतुसांचा हिशेब न जुळणारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीत मेहुण्याच्या हौसेखातर बंदूक दुसऱ्याच्या हाती दिली, तर त्याच्यासोबत तुम्हीही अडकाल.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो परवानाधारक वारल्यावर, आणि त्यात बहुधा बायकाच सापडतात. परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. पती गेल्यावर ती बंदूक कपाटात तशीच राहिली तर काही काळाने ती विनापरवाना शस्त्र ठरू शकते, आणि त्याला आता किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. दिवसकार्य उरकले की ठाण्याला अर्जाने कळवा आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा. मुलाच्या हाती रिक्षातून पाठवू नका. ती ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते.

जमा केली म्हणजे गेली, असे नाही. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. तो नको असेल तर परवाना असलेल्या दुसऱ्याला ती विकून पैसे घेता येतात. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केले नाही, तर बंदूक सरकारजमा होऊ शकते. तशी नोटीस आली तर उत्तराला ३० दिवस असतात. विधवा पेन्शनच्या अर्जासाठी मृत्यू दाखला काढालच, तेव्हा त्याची एक जादा प्रत यासाठी ठेवा.

अर्ज फेटाळला किंवा परवाना रद्द झाला तर? शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये एक ओळ आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. रेशन कार्ड पाहून कोणी 'तुम्हाला कशाला बंदूक' म्हणाले, तर ते कायदेशीर कारण नव्हे. नकाराची किंवा रद्द करण्याची कारणे अधिकाऱ्याने लिहून ठेवायची असतात आणि सार्वजनिक हिताचा अपवाद सोडला तर मागितल्यावर ती द्यावी लागतात. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस आहे. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका. केवळ एखादा खटला चालू आहे म्हणून परवाना रद्द करणे चुकीचे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे.

यासाठी दलालाला पैसे देण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत असलेले आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न कितीही असो. इतरांना राज्याने ठरवलेली उत्पन्नमर्यादा लागू होते. उत्पन्नाचा दाखला योजनेसाठी काढलेला असेल तर तोच इथे दाखवा. अपील असो वा फौजदारी खटला, आधी लखनौ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. प्रकरण उच्च न्यायालयात असेल तर खंडपीठाची वेगळी विधी सेवा उपसमिती आहे. लिहिता येत नसेल तर अर्ज तोंडी सांगा, तो तिथे लिहून घेतात. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. जाताना मूळ परवाना सोबत ठेवा, पण हातात द्या फक्त त्याची प्रत, आणि नोटिशीचे पाकीटही टाकून देऊ नका. ती कधी मिळाली हे त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून कळते.