गव्यामागची गर्दी

पुण्यात वेताळ टेकडीच्या उतारावर राहणाऱ्यांना परसात मोर दिसणे नवे नाही. त्याचे कौतुकच होते. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत सकाळी मोराऐवजी गवा आला, तेव्हा मात्र या निसर्गप्रेमाची कसोटी लागली. बघ्यांचे लोंढे त्याच्यामागे धावू लागले, मोबाइल उंचावले गेले. भिंती आणि फाटके यांवर धडका देत ते जनावर रक्तबंबाळ झाले. अखेर भुलीचे औषध देऊन त्याला पकडण्यात आले, आणि काही तासांतच ते गतप्राण झाले.

गवा दिसावयास अजस्र, स्वभावाने बुजरा. दमछाक होईपर्यंत पळविलेल्या अशा प्राण्याचे शरीर तापते, स्नायू निकामी होऊ लागतात. त्या अवस्थेत भूल देणे हा जिवाशीच खेळ ठरतो.

तेराच दिवसांनी बावधन-पाषाण परिसरात दुसरा गवा आला. या वेळी गर्दी वेळीच रोखली गेली, वाट मोकळी ठेवली गेली आणि तो रानाकडे परतला. शहर तेच, वन खातेही तेच!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे, त्याचा पाठलाग करणे हेही येते. ते पाहता, टेकड्यांलगतच्या वस्तीत वन्यप्राणी आल्याची वर्दी मिळताच प्रथम पोलिसांनी रस्ते बंद करावेत. जाळी आणि बंदुका त्यानंतर आणाव्यात. सूर्यास्तापर्यंत थांबून प्राण्याला आपल्या वाटेने जाऊ देण्याइतका धीर नागरिकांनीही दाखवावयास हवा.