घर घेऊन येणारे पाहुणे

दाराशी आलेल्या माणसाला आपण पाहुणा म्हणतो. पण जो आपले दारच बरोबर घेऊन आला आहे, त्याला काय म्हणावे? हा प्रश्न मला वेळासच्या किनाऱ्यावर पडला. त्याचे उत्तर मला सापडले आहे आणि ते गोड नाही. तरी सांगून टाकतो.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले, नाना फडणिसांचे मूळ गाव. आज मात्र त्याची ओळख कासवांमुळे अधिक आहे. थंडीच्या दिवसांत रात्रीच्या वेळी ऑलिव्ह रिडले जातीची मादी वाळूवर येते, शंभरएक अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी कोल्ह्याकुत्र्यांच्या आणि माणसांच्या पोटात जात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन त्यांची राखण आरंभिली. अंडी काढून कुंपणाच्या आत पुन्हा पुरावयाची, दीड-दोन महिने जपावयाची आणि पिले वर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्राच्या वाटेला लावावयाची. २००६ पासून याचाच कासव महोत्सव झाला. पाहावयास येणारे लोक घरोघरी उतरले, ओटीवर निजले, पानावर बसले आणि त्याचे पैसे देऊन गेले. अंडी विकण्यापेक्षा राखण्यात गावाचा संसार चालतो, हे या ताटांनी गावाला पटविले. महोत्सवाचे सगळे गणित हे एवढेच आहे.

मार्चमधल्या एका शनिवारी मी शाळेतल्या मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. दुपारी सहा मोठ्या गाड्या ओळीने आल्या. कुठल्याशा मोटरहोम क्लबची ती शनिवार-रविवारची सहल होती. गाडीत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, सारे काही. बाजूला ओढून घ्यावयाचा मांडवसुद्धा! माणसे वाईट नव्हती. त्यांनी माझ्या मुलांना गाड्या आतून दाखविल्या, खाऊ दिला. एक गृहस्थ हसत म्हणाले, "मास्तर, आम्हीही कासवंच. घर पाठीवर घेऊन फिरतो!" मुले हसली, मीही हसलो.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी जास्त पाहुणे येणार म्हणून सकाळीच जादा नारळ खवून ठेवले होते. त्या पडवीत उभ्या राहून गाड्यांकडे पाहत म्हणाल्या, "त्यांचं सगळंच त्यांच्यापाशी आहे हो. आता आपण वाढायचं ते काय?"

रात्री सुरूच्या बनापाशी दिव्यांच्या माळा लागल्या. जनरेटर मध्यरात्रीपर्यंत घरघरत होता. मादी किनाऱ्यावर येते ती अंधाराच्या भरवशावर. उजेड दिसला तर ती पाण्यातूनच माघारी वळते. त्या रात्री एखादी वळली की नाही, ते समुद्रालाच ठाऊक. सकाळी एका गाडीखालून सांडपाण्याचा ओघळ वाळूत उतरलेला मात्र मी पाहिला. पिले सोडली गेली, छायाचित्रे निघाली आणि दुपारच्या आत सहाही घरे निघून गेली. काकूंच्या घरी त्या दिवशी खोबऱ्याच्या वड्या झाल्या.

यावर मला सांगितले जाईल की, मास्तर, फिरते घर हे सिमेंटच्या हॉटेलापेक्षा बरे. ते किनारा कायमचा अडवीत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांची, बायामुलांची त्यात सोय होते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले ते काय उगीच? हे सारे मला मान्य आहे. जेथे उतरावयास जागा नाही तेथे ही गाडी वरदानच आहे. परंतु जेथे गावाने आपली ओटी झाडून ठेवली आहे, तेथे गाडीतल्या शेगडीवर मॅगी शिजवून कासवे पाहणे म्हणजे वर्गणी न देता नाटकाला पुढे बसणे होय. राखण गावाने करावयाची, जागरण गावाने करावयाचे आणि मौज तेवढी आपण न्यावयाची!

हा दोष केवळ श्रीमंतांचा आहे, असेही मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी मी मुलांना घेऊन गेलो तेव्हा काटकसर म्हणून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घरून बांधून नेली होती. तळ्यावर जावे तशी आमची वनभोजनाची पंगत किनाऱ्यावर बसली होती. तेव्हा आम्हीही वेळासला काही दिले नव्हते. पत्रावळी तेवढ्या दिल्या. त्याची लाज मला काकूंचे ते वाक्य ऐकून वाटली, आधी नव्हे.

आणि त्या गृहस्थांच्या विनोदाला मला तेव्हा सुचले नाही ते उत्तर आता देतो. कासव पाठीवर घर घेऊन येते खरे. पण ते किनाऱ्यावर येते ते आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे तेथे ठेवून जाण्यासाठी. आपण काय ठेवून आलात?

गाड्या आणू नका, असे माझे म्हणणे नाही. त्या किनाऱ्यापासून दूर उभ्या करा. सूर्य मावळला की बाहेरचे दिवे मालवा. सांडपाणी ज्याचे त्याने परत न्या. आणि दोन वेळा तरी कोणाच्या पडवीत जाऊन पानावर बसा. काकू वाढावयास उभ्या आहेत.