साखर आणि मीठ यांचें सख्य

घरांत लहान मुलास जुलाब होऊं लागले, कीं अद्यापिहि पुष्कळ ठिकाणीं वडील मंडळींची आज्ञा सुटते ती हीच : 'पाणी देऊं नका, प्यायलें कीं पुन्हां होईल.' या आज्ञेमागें माया असते यांत संशय नाहीं. परंतु तीच माया मुलाच्या जिवावर बेतूं शकते. कां, तें लहान आंतड्याची रीत पाहिल्यास सहज कळेल.

सुमारें वीस फूट लांबीच्या या नळीस आंतून मखमलीसारखी लव असते. तेथील पाचक द्रव्यें साखरेचे दोन भाग करितात. एक ग्लुकोज व दुसरा फ्रुक्टोज. फ्रुक्टोज आपल्या निराळ्या वाटेनें जातें. ग्लुकोजला मात्र पेशीच्या दाराशीं सोबती लागतो, आणि तो सोबती म्हणजे मिठांतील सोडियम. पेशी आपल्यांतील सोडियम सतत बाहेर काढीत असते. म्हणून बाहेरचें सोडियम आंत शिरूं पाहतें, व शिरतांना ग्लुकोजला बरोबर नेतें. एका ग्लुकोजमागें सोडियमचे दोन कण, असा हिशेब आहे. पुढें ग्लुकोज पलीकडच्या दारानें रक्तांत उतरून यकृताकडे जातें, आणि या जोडीच्या पाठोपाठ पाणीहि शोषलें जातें. व्याकरणांतील द्वंद्व समासाप्रमाणें येथें दोन्ही पदें प्रधान होत. ही उपपत्ति रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं प्राग येथें मांडली.

विशेष हें, कीं पटकीसारख्या रोगांत मीठ शोषण्याच्या इतर वाटा मंदावल्या तरी हें दार उघडेंच राहतें. १९७१ सालीं पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगांव येथील छावणींत पटकी उसळली व शिरेंतून द्यावयाचें सलाइन पुरेना. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज घातलेलें पाणी रोग्यांच्या नातलगांकरवीं पाजविलें. शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा चारच्याहि खालीं आलें.

म्हणून गृहिणींस आमची विनंति, कीं औषधी दुकानांत मिळणारी क्षारशर्करेची पुडी, म्हणजेच 'ओआरएस', घरांत असूं द्यावी. ती नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजावें. माप मोडूं नये. साखर अधिक झाल्यास ती उलट पाणी आंतड्यांत ओढते, व मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. अंगावरचें दूध तोडूं नये. मूल मलूल झालें, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली किंवा शौचांत रक्त दिसलें, तर क्षणभरहि न थांबतां वैद्यकीय साहाय्य घ्यावें.

वडिलांचा मान राखावा. परंतु मुलाची तहान अडवून नव्हे.