जलचिन्हात नाव कोणाचे?

शंभराची नोट उजेडासमोर धरली की कागदाच्या अंगातच गांधीजींची प्रतिमा दिसते. इटलीतील फाब्रियानोच्या कारागिरांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस अशी जलचिन्हे प्रचारात आणली. कागद कोणत्या कारखान्यातला, हे त्यांवरून ओळखता येई. आज गाण्याच्या ध्वनीत किंवा छायाचित्राच्या बिंदूंत कानाला वा डोळ्याला जाणवू नयेत इतके सूक्ष्म फेरफार करून यंत्राला वाचता येईल अशी खूण दडवतात. तिलाही जलचिन्हच म्हणतात.

या खुणेला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. तालुक्याच्या वार्ताहराने उन्हात पायपीट करून काढलेले दुष्काळाचे छायाचित्र दहा ठिकाणी बिननावाने छापले जाते. छायाचित्रातच त्याचे नाव मुरलेले असेल तर श्रमाचे मोल मागायला त्याच्या हाती निदान एक पुरावा येईल. परंतु जलचिन्हाचा आग्रह धरणारे हा वार्ताहर डोळ्यांसमोर ठेवून तो धरतात, असा भ्रम कार्यकर्त्यांनी बाळगू नये.

अमेरिकेतील एक प्रकरण या संदर्भात मुळातून समजून घेण्यासारखे आहे. संगीत कंपन्या आणि यंत्रनिर्माते यांच्या एका संयुक्त मंडळाने सप्टेंबर 2000 मध्ये जाहीर आव्हान दिले : आमची जलचिन्हे काढून दाखवा, दहा हजार डॉलरपर्यंत बक्षीस घ्या. मुदत अवघी तीन आठवड्यांची. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूण असलेले व नसलेले गाणे शेजारी ठेवून तपासले, तेव्हा एका खुणेचे रहस्य म्हणजे केवळ एक क्षीण प्रतिध्वनी असल्याचे आढळले. चारही जलचिन्हे आपण निष्प्रभ केली, असे त्यांनी सांगितले. बक्षिसासाठी मौनाचा करार करावा लागणार होता; त्यांनी बक्षीसच नाकारले. मग एप्रिल 2001 मध्ये, निबंध वाचायच्या आधी, 1998 च्या नव्या स्वामित्वहक्क कायद्याचा धाक घालणारे पत्र आले व निबंध मागे घ्यावा लागला. पुढे कंपन्यांनी खटल्याचा आपला हेतूच नव्हता अशी सारवासारव केली. ऑगस्टमध्ये निबंध वाचला गेला, तोही संशोधकांनीच न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतर.

कुलूप कच्चे निघाले म्हणून लोहाराला जाब विचारायचा, की ते कच्चे आहे असे सांगणाऱ्याला?

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने 1957 च्या कायद्यात 65अ व 65ब ही कलमे आली. कर्त्याचे नाव, हक्काच्या अटी यांसारखी माहिती जाणूनबुजून व अनधिकाराने पुसणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. विशेष म्हणजे, वापरणाऱ्याची ओळख पटवणारी साधने या माहितीच्या व्याख्येतून संसदेने स्पष्टपणे वगळली. हा विवेक मोलाचा आहे. कारण जलचिन्हे दोन जातींची असतात : एकात कर्त्याचे नाव असते, दुसऱ्यात गिऱ्हाइकाचे. प्रत्येक प्रतीत निराळा क्रमांक दडवला की कोणी काय घेतले याची वही कंपनीकडे तयार होते. आणि वृत्तपत्राकडे गुप्तपणे कागद पोचवणारा प्रामाणिक कारकूनही त्याच युक्तीने पकडला जाऊ शकतो.

उणीव आहे ती संशोधनाबाबत. 65अ मध्ये सांकेतिक लिपीच्या संशोधनाला स्पष्ट सवलत आहे. 65ब मध्ये खुणेच्या परीक्षणाला तशी सवलत नाही. ती मिळावी, आणि खूण वाचण्याचे साधन केवळ कंपनीच्या तिजोरीत न राहता त्या तालुक्याच्या वार्ताहरालाही उपलब्ध असावे, ही मागणी आपल्या प्रतिनिधींनी संसदेत मांडली पाहिजे.