डोक्याचा मुका मार

संक्रांत सरली की झाडीपट्टीत शंकरपटांना रंग चढतो. वडसा, आरमोरी, कुरखेडा, इकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात दिवसा पट आणि रात्री नाटक हा बेत ठरलेला असतो. पट पाहून परतणारी माणसे एका गोष्टीवर हमखास वाद घालतात: मोठा धुरकरी कोणाला म्हणायचे? ज्याने जास्त नंबर मारले त्याला, की जो मैदानात उतरला की गर्दी उसळते त्याला?

हाच वाद अमेरिकेत २०१७ मध्ये एका मोटारचालकावरून रंगला होता आणि तो अजून मिटलेला नाही. त्याचे नाव डेल अर्नहार्ट ज्युनियर. तिकडच्या 'स्टॉक कार' शर्यती म्हणजे दिसायला साध्या, पण आतून पूर्ण बदललेल्या मोटारी लंबगोल मैदानावर तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने शेकडो फेऱ्या मारतात. अर्नहार्टला प्रेक्षकांनी २००३ पासून २०१७ पर्यंत सलग १५ वर्षे सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडले. पण वरच्या श्रेणीत त्याने जिंकलेल्या शर्यती २६ आणि वार्षिक अजिंक्यपदे शून्य. त्याच्या वडिलांच्या नावावर ७६ विजय आणि ७ अजिंक्यपदे. तेव्हा टीकाकार म्हणतात की पोरगा बापाच्या नावावर मोठा झाला. चाहते म्हणतात की पडत्या काळात खेळाकडे लोक टिकवले ते त्यानेच. दोन्ही बाजू आकडे मोजत बसल्या आहेत. आरोग्याच्या अंगाने पाहिले तर त्याची खरी कमाई या आकड्यांत नाही. २०१६ च्या हंगामात तो ज्या १८ शर्यती धावलाच नाही, त्यांत ती आहे.

आधी वडिलांविषयी, कारण त्याशिवाय मुलाची गोष्ट कळत नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथील शर्यतीच्या अगदी शेवटच्या फेरीत थोरल्या अर्नहार्टची गाडी भिंतीवर आदळली. पट्ट्यांनी धड जागीच धरून ठेवले, डोके पुढे फेकले गेले आणि कवटीचा तळ फुटला. त्याआधीच्या वर्षभरात आणखी तीन चालक अशाच दुखापतीने गेले होते. मग त्याच वर्षी डोके आणि मान जागेवर धरून ठेवणारा पट्टा सक्तीचा झाला, पुढे भिंतींना धक्का शोषणारे आवरण आले. तेव्हापासून त्या वरच्या श्रेणीत एकाही चालकाचा शर्यतीत मृत्यू झालेला नाही. सुरक्षेच्या इतिहासात इतके स्पष्ट यश क्वचितच दिसते.

कवटी वाचली. मेंदूचे काय?

मेंदू साधारण १,४०० ग्रॅमचा, लोण्यासारखा मऊ, आणि पाण्यासारख्या द्रवात तरंगणारा. गाडी थांबते, कवटी थांबते, पण आतला मेंदू पुढे सरकतो, पिळवटतो. पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात. पेशींतली क्षारांची घडी विस्कटते, ती पुन्हा बसवायला पेशी नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा मागतात आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असतो. या अवस्थेला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे, मुका मार. रक्त नाही, टाका नाही, बहुतेकदा शुद्धही हरपत नाही. सीटी स्कॅन स्वच्छ येतो. तो स्कॅन फ्रॅक्चर किंवा रक्तस्राव नाही एवढेच सांगतो, मार लागलेला नाही असे सांगत नाही. नागपूरपर्यंत जाऊन 'सगळे नॉर्मल' असा कागद घेऊन आलेल्या माणसाला महिनाभर उजेड सहन होत नाही, चिडचिड होते, हिशेब चुकतो, तेव्हा घरचे त्यालाच बोल लावतात.

उत्तम हेल्मेट आणि मानेचा पट्टा असूनही धाकट्या अर्नहार्टला हा मार पुन्हा पुन्हा बसला. त्याची बाजू घेताना इथे थोडे थांबायला हवे, कारण त्याने तो सांगितला त्यापेक्षा जास्त काळ लपवला. २००२ मध्ये डोक्याला मार लागूनही तो महिनोन् महिने धावत राहिला आणि मग कबूल केले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये टायरच्या चाचणीत जोरदार धडक बसली, तरी ऑक्टोबरमध्ये दुसरा धक्का बसेपर्यंत तो डॉक्टरकडे गेला नाही. पुढे तर प्रत्येक धडकेनंतरची लक्षणे तो गुपचूप मोबाइलमध्ये टिपून ठेवत होता, आणि ती बायकोपासूनही दडवत होता. हे त्याने स्वतःच २०१८ मध्ये पुस्तकात लिहिले.

२०१६ मध्ये मात्र लपवणे शक्य राहिले नाही. चालताना समोरच्या वस्तू हलताना दिसत, तोल जाई. त्याने उरलेला अर्धा हंगाम सोडला आणि कारण जाहीरपणे सांगितले. पिट्सबर्गच्या तज्ज्ञांनी त्याला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवले नाही. डोळ्यांचे आणि तोलाचे व्यायाम दिले, त्रास देणाऱ्या गर्दीच्या जागी हळूहळू जायला लावले. आजचा वैद्यकीय सल्लाही तसाच आहे: पहिले एक-दोन दिवस आराम, मग झेपेल तशी हालचाल वाढवायची. डिसेंबरमध्ये त्याला पुन्हा गाडी चालवायची परवानगी मिळाली. पण एप्रिल २०१७ मध्ये, ४२ व्या वर्षी, त्या हंगामाअखेर थांबणार असल्याचे त्याने जाहीर केले. त्याच्या आधीच्या वर्षी त्याने मृत्यूनंतर मेंदू संशोधनाला देण्याचे कबूल केले होते. वारंवार मार बसून होणारा मेंदूचा दीर्घ आजार आज तरी मृत्यूनंतर मेंदू तपासूनच पक्का ठरवता येतो, म्हणून अशा दानाचे मोल.

त्यानंतर २०२२ मध्ये कर्ट बुश आणि अॅलेक्स बोमन या दोन चालकांना नव्या बनावटीच्या गाडीत असाच मार बसला. दोघे बाहेर बसले. बुश पूर्णवेळ शर्यतीत परतलाच नाही, आणि त्याला कोणी भित्रा म्हटले नाही. गाडीचा मागचा भाग फार ताठ आहे, यावर उघड चर्चा झाली. जखमी चालकाने बसून राहणे ही लाज नाही, हे खेळाने शिकायला दीड दशक घेतले. त्याचे बरेचसे श्रेय धाकट्या अर्नहार्टकडे जाते.

आता आपल्या मैदानात येऊ. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने राज्याचा कायदा कायम राहिला. या साऱ्या वादात बैलाचे शरीर धावण्यासाठी घडले आहे का, हा मुख्य प्रश्न होता, आणि तो योग्यच होता. म्हणून आज पटाला पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते. हलक्या छकडीवर उघड्या डोक्याने बसलेल्या धुरकऱ्याविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही. तो पडला, उठला, धूळ झटकली की लोक टाळ्या वाजवतात. पुढच्या फेरीला तोच कासरा धरतो. मेंदू सावरण्याआधी बसलेला दुसरा धक्का बरे होण्याचा काळ लांबवतो. कोवळ्या वयात तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते. कबड्डीच्या मैदानात डोके आपटलेल्या पोरालाही हेच लागू.

हेल्मेट घाला, हा सल्ला बरोबर आहे आणि अपुराही. हेल्मेट कवटी वाचवते, मुका मार पूर्ण टाळत नाही. दुचाकीवर चालक आणि मागे बसणारा दोघांनाही ते कायद्याने सक्तीचे आहे. सिरोंच्यासारखा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास असताना ते डोक्यावर असण्याला पर्याय नाही. पण मार बसल्यानंतरचे दोन आठवडे हेल्मेट सांभाळत नाही. बहुतेक प्रौढ तेवढ्या काळात बरे होतात, मुलांना महिनाभर लागू शकतो. वारंवार उलटी, वाढती गुंगी, झटका, हातापायातली शक्ती जाणे, लहान-मोठ्या बाहुल्या, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांतले एकही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

खरी अडचण पैशाची आहे. अर्नहार्ट १८ शर्यती घरी बसू शकला, कारण त्याचे घर चालणार होते. रोवणीच्या किंवा तेंदूच्या हंगामात मजुराला दोन आठवडे बसा म्हणणे सोपे नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला, हातपाय किंवा डोळा गमावल्यास अनुदान मिळते. डोके गरगरते म्हणून मजुरी बुडाली, याला तिथे रकाना नाही.

पट समित्यांना मात्र एक गोष्ट फारशा खर्चाविना करता येईल. जोडीच्या तपासणीच्या कागदाशेजारी धुरकऱ्याच्या नावाचा एक कागद ठेवावा, आणि पडलेल्या धुरकऱ्याला त्या दिवशी पुन्हा बसू द्यायचे की नाही हे ठरवायचा हक्क मैदानातल्या डॉक्टरला द्यावा. बक्षिसाची रक्कम जाहीर होते त्याच ध्वनिक्षेपकावरून हा नियमही सकाळी एकदा सांगावा. मग थांबलेल्या धुरकऱ्याला गर्दीसमोर कारण द्यावे लागणार नाही.