आधी लाइन ओळखा!

'फॅक्स' हा शब्द वाचूनच अर्धे जण पान उलटतील. मोबाइलवर फोटो काढला की क्षणात पोचतो, मग हे जुनं धूड कशाला? पण थांबा. मी फॅक्सची वकिली करत नाहीये, प्रश्न आपल्या शिक्षणाचा आहे. चार वर्षं मॉड्युलेशन घोकून फॅक्सची पिन कुठे खोचायची हे सांगता येत नसेल, तर त्या घोकंपट्टीचा उपयोग काय?

माझा जिल्हा हिंगोली. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. त्या काळी बाजारातल्या पाट्यांवर 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ'च्या शेजारी 'फॅक्स' असायचंच, असं घरची मोठी माणसं सांगतात. बूथ गेले, पण काही यंत्रं कार्यालयांच्या कोपऱ्यात राहिली. मागच्या सुट्टीत एका कार्यालयात असंच एक यंत्र दिसलं. वर चिठ्ठी, 'नादुरुस्त'. भंगारात निघालेलं. वायरचा माग काढला तर ती ईपीएबीएक्सच्या डिजिटल एक्स्टेंशनला! फॅक्सला अ‍ॅनालॉग लाइन लागते, तिथे त्याला डायल टोन मिळणार कुठून? वायर थेट लाइनला लावली आणि पाच मिनिटांत कागद गेला.

खरं तर गणित सोपं आहे. तांब्याच्या दोन तारा आणि त्यांवर एक्स्चेंजकडून येणारे साधारण ४८ व्होल्ट डीसी. पाठवणारं यंत्र ११०० हर्ट्झचा सूर देतं, घेणारं २१०० हर्ट्झचा. ओळख पटली की कागदाची माहिती सुरांतूनच जाते. म्हणून या सुरांच्या वाटेत काय येतं, तेवढंच बघायचं.

घरात एकच लाइन असेल तर भिंतीची वायर यंत्राच्या 'लाइन' सॉकेटला आणि टेलिफोन 'एक्स्टेंशन' सॉकेटला. फोन दुसऱ्या खोलीत पॅरलल जोडला आणि कुणी मध्येच रिसीव्हर उचलला, तर पान अर्ध्यात तुटलंच म्हणून समजा.

त्याच तारांवर ब्रॉडबँड असेल तर स्प्लिटर हवाच. बीएसएनएलने २००५ मध्ये ही सेवा आणली. आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली, डेटा साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर. फॅक्स स्प्लिटरच्या 'फोन' बाजूला लावायचं, मोडेमच्या बाजूला नाही.

ईपीएबीएक्स असेल तर अ‍ॅनालॉग एक्स्टेंशन मागून घ्या. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य लागत असेल, तर शून्यानंतर थोडा पॉज टाका.

आणि आता फायबर. तिथे तांबं घराबाहेरच संपतं. आवाजाचे पॅकेट होतात. बोलताना एखादं पॅकेट हरवलं तर कानाला कळतही नाही, फॅक्सला मात्र ते चालत नाही. आवाज दाबून पाठवणारा कोडेक तर सुरांची पार वाट लावतो. त्यासाठी टी.३८ नावाचं प्रमाण आहे, तेही दोन्ही टोकांना चालत असेल तरच. नसेल तर न दाबणारा जी.७११ कोडेक घ्या आणि यंत्राचा वेग ९६०० वर आणून बघा.

बघा, एका यंत्रामागे इम्पिडन्सपासून पॅकेटपर्यंत अख्खा सिलॅबस उभा आहे! पण आपली सवय काय? चाललं नाही की 'मशीन गेलं' म्हणायचं आणि नवीन मागवायचं. नाचता येईना अंगण वाकडे! याची किंमत मोजतात ती छोट्या गावांची कार्यालयं. आज फॅक्स, उद्या राऊटर, परवा कार्ड स्वाइपचं यंत्र.

आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिथलं सगळं शास्त्र एकाच गोष्टीवर चालणार, गोंगाटातून सिग्नल वेगळा काढणं. तिथे काम करायची स्वप्नं आपण हॉस्टेलवर रंगवतो. मग सुरुवात दोन तारांपासून का नको?

म्हणून विभागातल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. भंगारातलं एक फॅक्स यंत्र लॅबमध्ये आणा. शेजारी चार प्रकारच्या लाइन द्या आणि प्रत्येकाला ते चारही ठिकाणी चालवून दाखवायला लावा. व्हायव्हाला दुसरा प्रश्नच विचारायची गरज पडणार नाही!